पायरी दबली की निघणारी घोडी

जनावराला काय कळतं, असं कुणी म्हणालं की मी भांडायलाच उठते. जालन्यात काद्राबादेतून आम्हा चौघी मुलींना टांग्यानं शाळेत नेणाऱ्या घोडीला सगळं कळायचं, हीच तर पंचाईत होती! टांगेवाल्या चाचांना लगाम ओढावाच लागायचा नाही. प्रत्येकीच्या दारात ती आपसूक थांबायची. पायरी दबली की मुलगी चढली असं समजून निघायची. शाळेच्या फाटकाशीही तेच, कुणी उतरून पायरी दबेपर्यंत तिथून हलायचं नाव नाही.

दहावीचा निकाल लागला आणि मला औरंगाबादला पॉलिटेक्निकच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. सकाळची गाडी चुकली की प्रवेश गेला. वडील तिकीट काढायला पुढं गेले होते. मी इस्त्रीचा ड्रेस घालून, फाइल छातीशी धरून, एकटीच ऐटीत टांग्यात बसले.

आणि घोडी पहिल्या मैत्रिणीच्या दारात थांबली! शाळेला सुट्टी आहे हे तिला कोण सांगणार? चाचांनी चुचकारलं, विनवलं, चाबूक नुसता हवेत फिरवला. घोडी ढिम्म.

"बेटी, उतर अन् परत चढ. मंग बराबर निघंल."

उतरले, चढले. निघाली! दुसरीच्या दारात पुन्हा तोच तमाशा. मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

तिसरं दार माझ्या जिवलग मैत्रिणीचं. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीचं दुकान असलेलं मारवाडी घर. तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले होते, पण घरच्यांनी शिक्षण थांबवून लग्न ठरवत आणलं होतं. घुंगरांचा आवाज ऐकून ती कणीक मळता मळता बाहेर आली. मी उतरायला लागले तशी ओरडली, "उतरू नको! टाइम कुठंय तुला?" आणि टुणकन चढून माझ्या शेजारी बसली.

घोडी जी सुटली म्हणता! कुंडलिका नदीच्या पुलावर वारा तोंडावर येत होता, आम्ही दोघी खिदळत होतो आणि चाचा सायकलवाल्यांवर ओरडत होते, "हटो, हटो! बच्चीची गाडी सुटून राह्यली!" इतकी मजा मला त्या टांग्यात कधीच आली नव्हती.

पुढं स्टेशनच्या वाटेवरच शाळा आली. फाटकाला कुलूप होतं, तरी घोडी थांबली. स्टेशनाकडून शिट्टी ऐकू आली. मी उठले, तर मैत्रिणीनं मला दंडाला धरून खाली बसवलं.

"तू बस. मी उतरते."

पायरी दबली, घोडी धावली. गाडी मिळाली, प्रवेश मिळाला, पुढं नोकरीही मिळाली. पण त्या घाईत मी मैत्रिणीला साधा हातसुद्धा केला नाही, याची अजून लाज वाटते. वळून पाहिलं तेव्हा ती फाटकाशी उभी होती, रोज उतरायची त्याच जागी. दप्तर नव्हतं, हाताला कणीक होती.