निबंधातली प्रतिज्ञा

सिनेमावर इंग्रजी निबंध लिहायचा म्हटलं की आमच्या मॅट्रिकच्या वर्गातली यच्चयावत पोरं सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात करायची. देवानं माणूस घडवला, माणसाला करमणूक हवीशी झाली, मग कीर्तन आलं, तमाशा आला, सर्कस आली, आणि दीड पान संपता संपता एकदाचा सिनेमा सोलापुरात पोचायचा. तोवर मास्तरांचा धीर सुटलेला असायचा. "अरे, तुला सिनेमाबद्दल काही म्हणायचंय का? मग म्हण की मेल्या!" असं ओरडून ते वही बाकावर आपटायचे.

हे मास्तर शास्त्र्यांच्या घरातले. शिकवायचे इंग्रजी, पण डोकं न्यायशास्त्रातलं. त्यांचं सांगणं एकच: पहिल्याच परिच्छेदात आपलं म्हणणं एका वाक्यात ठणकावून सांगा आणि पुढचा निबंध ते पटवून देण्यात घालवा. त्या वाक्याला ते 'प्रतिज्ञा' म्हणायचे. शास्त्रात तोच शब्द आहे म्हणे. ज्या दिवशी त्यांनी हे फोड करून सांगितलं, त्या दिवशी मी वर्गात नव्हतो. तीनच्या खेळाला गेलो होतो. मूकपट होता, आणि फर्मास होता. खोटं कशाला बोलू?

सिनेमाचं वेड मला होतं तसं आईला कुतूहल होतं. तिनं जन्मात एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. वडील कोर्टात कारकून. थिएटरात पाऊल टाकलं तर आपली अब्रू जाईल अशी त्यांची पक्की समजूत होती. पण गावात पहिला बोलपट येणार अशी हाकाटी झाली तेव्हा आईनं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं, की मुलगा बरोबर असेल तर तिनं जायला हरकत नाही. मुलगा म्हणजे मी. आई दिवस मोजायला लागली. "माणसं खरंच बोलतात का रे? आणि ओठ हलतात तसंच ऐकू येतं?" हे तिनं मला किती वेळा विचारलं असेल!

इकडे मास्तरांनी विषय दिला, सिनेमा तारक की मारक. बुडालेला तास भरून काढायला मी बाकावरच्या सोबत्याची वही उतरवून घेतली. त्यात एवढंच होतं: 'सुरुवातीलाच प्रतिज्ञा करावी. ती ठाम असावी. एका वाक्यात असावी. शेवटपर्यंत सोडू नये.' मी डिक्शनरी काढली, प्रतिज्ञेला भारदस्त इंग्रजी शब्द हुडकला आणि लिहून मोकळा झालो, की मी गंभीरपणे प्रतिज्ञा करतो, आजपासून जन्मात कधी सिनेमा पाहणार नाही. पुढे तीन पानं कारणं. डोळे जातात, वेळ जातो, मुलं शाळा बुडवतात. हे शेवटचं तर स्वानुभवाचं होतं.

मास्तरांनी वाचलं आणि टेबलावर डोकं टेकून हसले. हसू आवरल्यावर त्यांनी माझा कान धरून चूक समजावलीही असती, पण तेवढ्यात हेडमास्तर आले. सिनेमा म्हटलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यांनी वही उचलली, पहिलं वाक्य वाचलं आणि चक्क गहिवरले. दुसऱ्या दिवशी अख्ख्या शाळेपुढे उभं करून त्यांनी ते वाक्य माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मास्तर मागे उभे होते, मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघत.

बातमी माझ्या आधी घरी पोचली. वडिलांची छाती फुगली होती. "आता या घरात सिनेमाचं नाव काढायचं नाही," ते आईला म्हणाले. "त्याची प्रतिज्ञा मोडायचीय का तुला?" आई तांदूळ निवडत होती. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी मास्तरांकडे धावलो. "सर, प्रतिज्ञा मागे घेता येते का?"

"शास्त्रातली येते. पटवता आली नाही की सोडून द्यायची. तुझी शास्त्रातली नाही रे बाबा, कीर्तनातली आहे."

"मग तेवढं वडिलांना सांगा की!"

"आणि हेडमास्तरांना कोण सांगणार? तू?" असं म्हणून त्यांनी दहापैकी आठ मार्क मांडले.

बोलपट आला. टांग्यावर मोठ्ठा बोर्ड बांधून, पुढे बँड लावून नव्या पेठेतून मिरवला. आई दारात उभी राहून बोर्ड दिसेनासा होईपर्यंत बघत होती. मला राहवलं नाही, मी सगळं ओकलो.

"म्हणजे तुला म्हणायचं होतं एक आणि लिहिलंस भलतंच?"

"हो."

"आणि त्याचे मार्क मिळाले?"

"आठ."

"धन्य तुमची शाळा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वडील जेवायला बसले असताना तिनं सांगून टाकलं. "मी शेजारच्या अक्कांबरोबर जाते. हा दारापर्यंत येईल. दारापर्यंत काही सिनेमा नसतो."

"अगं, पण लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी कुठं काय लिहून दिलंय?"

जन्म कागदपत्रांत गेलेल्या माणसाला हा मुद्दा बिनतोड वाटला असावा. ते ताक पिऊन उठले.

अक्का म्हणजे भवानी पेठेतल्या तेलुगू विणकरांची लेक, लग्न होऊन आमच्या शेजारी आलेली. "चला की वयनी, लई झ्याक हाय म्हणत्यात!" करत ती आईला बायकांच्या बाजूनं आत घेऊन गेली. मी समोरच्या बांगडीवाल्याच्या पायरीवर बसलो. भिंतीपलीकडून गाणी ऐकू येत होती. पाहणार नाही असं मी म्हटलं होतं, ऐकणार नाही असं नव्हतं म्हटलं. एका राजानं भर दरबारात कुणाला तरी शब्द दिला आणि तो पाळताना राणीचे हाल हाल झाले, एवढं मला पायरीवरही कळलं. पण ते दिसत कसं असेल या विचारानं जीव तडफडत होता.

आई बाहेर आली ती डोळे पुसत. "कसा होता गं?" मी विचारलं.

तिनं जरासुद्धा विचार केला नाही. "राजा मोठा म्हणतात ना सगळे? साफ खोटं. शब्द राजानं दिला, निभावला राणीनं. मोठी ती." आणि मग घरापर्यंत ती बोलत होती. कारणं देत होती, कुठल्या प्रसंगात राणी काय म्हणाली आणि राजा कसा गप्प बसला ते सांगत होती. अक्का हुंकार भरत होती. निबंध म्हणजे काय ते मला त्या दिवशी रस्त्यात कळलं. आईचा अभिमान वाटला आणि स्वतःच्या आठ मार्कांची लाज वाटली.

वडील ओसरीवर वाट बघत होते. "कसा होता बोलपट?"

आईनं पदर सारखा केला. "बरा होता," म्हणाली, आणि चूल पेटवायला आत गेली.

ते माझ्याकडे वळले. "तू आत नाही ना गेलास?"

"नाही."

"शाब्बास!" त्यांनी माझी पाठ थोपटली.