आशालताबाईंची रायफल

आशालता ठोसर यांनी आयुष्यात झुरळसुद्धा मारलं नव्हतं. त्या त्याला केरसुणीने दाराबाहेर नेऊन सोडत आणि वर "परत आलास तर बघ" असा दम देत. अशा बाई दोन हजार सहाच्या वसंतात रायफल घेणार म्हटल्यावर ऑकलंडच्या मंडळातल्या बायकांनी आधी त्यांच्या नवऱ्याची, प्रमोदरावांची तब्येत विचारली.

प्रमोदराव ठणठणीत होते. भांडण सशांशी होतं.

आशालताबाई मूळच्या पिंपरीच्या. तिथे कारखान्यात क्वालिटी बघायच्या, इथे येऊन पेनरोजच्या कारखान्यातही तेच. पन्नाशी उलटली आणि एक दिवस त्यांनी नोकरी सोडली. क्लिव्हडनला नोएलीन नावाच्या बाईंकडून जमिनीचा तुकडा भाड्याने घेतला आणि मेथी लावली. पापाटोएटोच्या दुकानांत मिळायची ती मेथी मलूल, पिवळी. "ही मेथी नाही, मेथीचा फोटो आहे," असं त्या तिथल्या एका दुकानदाराला तोंडावर सांगून आल्या होत्या. आता आपली ताजी जुडी त्याच्या काउंटरवर आपटायची, एवढीच त्यांची इच्छा होती.

पहिली मेथी चार बोटं वर आली आणि सशांनी साफ केली. जाळी लावली, तर खालून भुयार. हिंगाचं पाणी शिंपडलं, तर त्यांना ते फोडणीसारखं लागलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी पाहुणे वाढले. बाईंनी पुन्हा बी पेरलं. हेही गेलं तर शेती गुंडाळायची आणि पेनरोजला परत जाऊन "आहे का हो जागा?" म्हणायचं. त्या विचाराने त्यांना जेवण जाईना.

शेवटी त्या नोएलीनकडे गेल्या. नोएलीन प्रत्येक वाक्य शेवटी असं वर चढवायची, की ती सांगतेय का विचारतेय हेच कळू नये.

"ससे मार ना, लव्ह? हीप्स, ढिगाने मार? पण माझी घोडी बेला गाभण आहे? मागच्या भाडेकरूने धडाम केलं, आणि माझी दुसरी घोडी कुंपणावर जाऊन आदळली? पाय मोडला?" इथे मात्र वाक्य सरळ खाली आलं. "तसा आवाज पुन्हा झाला, तर जमीन परत."

म्हणजे न मारावं तर मेथी जाणार, आणि चुकीच्या बंदुकीने मारावं तर जमीनच.

आधी लायसन्स. त्यासाठी भाषण ऐकलं, परीक्षा दिली, शंभरपैकी शंभर मिळवले. मग घरी पोलीस आले. त्यांनी बाईंना बाहेर बसवून प्रमोदरावांना एकट्याला विचारलं, "मिसेस ठोसर रागावल्या की काय करतात?"

"भांडी घासतात," प्रमोदराव म्हणाले.

"जोरात?"

"शेजारी कळतं."

लायसन्स मिळालं.

आता कुठली रायफल? प्रमोदराव आयटीतले, ईस्ट टामाकीला गोदामांची सॉफ्टवेअरं सांभाळायचे. घरात मिक्सर घ्यायचा तरी त्यांची एक्सेल शीट तयार व्हायची. इथे तर पर्वणीच. रात्रंदिवस इंटरनेट चाळून त्यांनी शीट केली, रंग भरले, आणि मंडळाच्या जेवणात ती सगळ्यांना दाखवली. मग काय विचारता!

"आम्ही एन.सी.सी.त थ्री-नॉट-थ्री चालवलीय," राजाराम पानसे छाती काढून म्हणाले. उजवा खांदा आपोआप मागे गेला. "काय धक्का! खांदा आठवडाभर निळा. वहिनी, बंदूक म्हणजे ती. बाकी सगळी दिवाळीची पिस्तुलं."

"अहो, पण ससा किती, गोळी केवढी!" आशालताबाई म्हणाल्या. "त्याचं उरणार काय? शेपटी?"

हरीश गुप्त्यांचं वेगळंच. त्यांनी मुलांना शाळेचे बूट कायम दोन नंबर मोठे घेतलेले. "घेताच आहात तर थोडी मोठी घ्या ना, वहिनी. आज ससा आहे, उद्या हरीण आलं तर? परत खर्च!"

"हरणाला काय बोलावणं धाडलंय?"

पण प्रमोदरावांची शीटही तेच म्हणत होती. टू-टू-थ्री: सशाला चालते, कोल्ह्यालाही पुरते, लांबवर जाते, एकदा घेतली की काळजी मिटली. हिरवा रंग. साधी ट्वेन्टी-टू: कोल्ह्याला अपुरी. लाल रंग.

शनिवारी दोघं बंदुकांच्या दुकानात गेले. कॉलिन नावाचा मालक आखूड चड्डी आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून स्टुलावर बसला होता. प्रमोदरावांनी शीट पुढे ठेवली. कॉलिनने चष्मा लावला, वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं.

"यीस," तो म्हणाला. किवी लोक 'येस'मधला ए गिळून टाकतात. "यीस, मस्त काम केलंय. पण हा कोल्हा कुठला?"

"म्हणजे कोल्हा... कोल्हा. जंगलातला."

"कुठल्या जंगलातला? मेट, न्यूझीलंडमध्ये कोल्हाच नाही. एकही नाही. कधीच नव्हता."

प्रमोदराव दिवसरात्र ज्या साइट वाचत होते, त्या सगळ्या इंग्लंडच्या. आशालताबाई आधी तोंडावर हात धरून हसल्या, मग हात काढून हसल्या. मग त्यांनी काउंटरवरचं पेन उचललं आणि कोल्ह्याच्या रकान्यावर उभी रेघ मारली. तो रकाना गेल्यावर टू-टू-थ्रीच्या बाजूने बोलणारं शीटमध्ये कोणीच उरलं नाही.

"अगं, हरीशचं हरीण—" प्रमोदराव म्हणाले.

"अहो, हरणाला घरी जाऊ द्या आता."

उरल्या दोन. साधी ट्वेन्टी-टू आणि तेव्हा नवीन आलेली सेव्हन्टीन. सेव्हन्टीनचं नाव काढताच कॉलिनचा चेहरा जावई आल्यासारखा उजळला. "छोटी गोळी, प्रचंड वेग! लांबूनसुद्धा सरळ सुतासारखी! बिस्ट थिंग एव्हर!"

"आवाज?" बाईंनी विचारलं.

"सायलेन्सर लावला की काही नाही."

"कोणाला काही नाही?"

कॉलिनने चष्मा काढून बाईंकडे पाहिलं. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नसावा. बाईंनी आयुष्यभर एकच रीत पाळली होती: माल बनवणाऱ्याच्या टेबलावर तपासायचा नाही, वापरणाऱ्याच्या हातात तपासायचा. आणि इथे आवाज वापरणारी होती बेला.

पुढच्या रविवारी कॉलिन दोन्ही रायफली घेऊन क्लिव्हडनला आला. शेताच्या पार टोकाला मातीचा उंच बांध होता. त्यात गोळ्या मारायला त्याला उभं केलं आणि बाई स्वतः उलट्या टोकाला गेल्या, नोएलीनच्या कुंपणाशी. नोएलीन लगाम धरून. बाईंचा तळहात बेलाच्या मानेवर. घोडीला हात लावायची बाईंची ही पहिलीच वेळ.

आधी सेव्हन्टीन. बंदुकीचा आवाज सायलेन्सरने दाबला खरा, पण गोळी आवाजाच्याही पुढे पळणारी; तिने हवेतच चाबूक ओढल्यासारखा फटकारा दिला. बेलाचे कान ताठ, मान ताठ, आणि तिने अशी मुसंडी मारली की नोएलीन लगामासकट चार पावलं फरफटली.

"नो," नोएलीन म्हणाली. या वेळी वाक्य अजिबात वर चढलं नाही.

बेला शांत होईपर्यंत बाईंनी सगळ्यांना थांबवलं. मग ट्वेन्टी-टू, हिलाही सायलेन्सर लावून आणि सावकाश जाणारी गोळी घालून. कॉलिनने हात वर केला, खाली आणला. बाईंना लांबून फक्त कोणीतरी पुस्तक मिटल्यासारखं ऐकू आलं. तळहाताखालची मान हलली नाही. बेला गवत चघळत होती.

"पुन्हा मारा," बाई ओरडल्या. बेला चघळतच राहिली.

"पण ही लांब जात नाही हं," कॉलिन परत येऊन कुरकुरला. "गोळी लवकर खाली पडते. जवळ जावं लागेल. आणि कडक जमिनीवरून उसळते, मागे माती असल्याशिवाय मारायचं नाही."

"मग जवळ जाऊ," बाई म्हणाल्या. "माती आहेच."

त्या रोज कागदावर सराव करू लागल्या. कॉलिन शिकवायचा. जिथवर प्रत्येक गोळी रुपयाएवढ्या गोलात पडते तिथवर त्यांनी जमिनीत खुंटी ठोकली. खुंटीपलीकडचा ससा आपला नाही, असं ठरवून टाकलं. एक जखमी होऊन झुडपात तडफडत पडला तर झोप लागणार नाही, हे त्यांना स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं.

मग एका मंगळवारी उन्हं कलताना त्या वाफ्याशेजारी पालथ्या झोपल्या. मागे प्रमोदराव, श्वास रोखून. पहिला ससा आला तो बांधाच्या माथ्यावर. गलेलठ्ठ, तोंडात मेथीची काडी, मागे नुसतं आभाळ.

"आशा, मार! अगं, मार ना! आपली मेथी खातोय!"

बाईंनी सुरक्षेचा खटका पुन्हा लावला. "त्याच्यामागे माती नाही. गोळी कुठे जाईल, सांगता?"

"अगं, पण जाईल तो!"

"जाऊ दे."

ससा गेला. बाईंच्या डोळ्यांदेखत ती काडी संपवून गेला. त्या हलल्या नाहीत. मग दुसरा आला, बांधाच्या पायथ्याशी, खुंटीच्या अलीकडे. मागे माती. बाईंनी श्वास सोडला. पुस्तक मिटलं.

त्या उठून जवळ गेल्या. "लगेच गेला ना हो?"

"लगेच. त्याला कळलंसुद्धा नाही."

बाई क्षणभर तिथे उभ्या राहिल्या, पुटपुटत काहीतरी म्हणाल्या, सशाचीच माफी मागितली असावी. मग डोळे पुसले आणि परत येऊन जागेवर आडव्या झाल्या. "बसा खाली. ढिम्म बसा. अजून येतील."

महिन्याने मेथी गुडघ्याकडे निघाली होती. बाई वाफ्यात बसून जुड्या बांधत होत्या, तेवढ्यात नोएलीन कुंपणाशी आली. मागे बेला, पोट केवढं मोठं.

"सो, लव्ह? ससे मारायला कधी सुरुवात करणार? मी रोज कान देऊन बसते?"

आशालताबाईंनी जुडीला दोरा आवळला आणि ती कुंपणावरून तिच्या हातात दिली. "काल तीन झाले," त्या म्हणाल्या.