चर्चेचे वीस गुण

मास्तराकडचे खडू संपतात, किस्से संपत नाहीत. मी सांगलीत विश्रामबागच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. बाहेरगावच्या मुलांसाठी आमची चर्चा ऑनलाइन चालते. मी प्रश्न टाकायचा, त्यांनी मतं लिहायची, आणि त्या लिहिण्याला वीस गुण! हे गुण द्यायला लागल्यापासून तर किस्से पोत्यानं जमलेत.

* * *

पहिला प्रश्न टाकला, "दुष्काळात तलावाचं पाणी आधी कुणाला द्यावं?"

दहा मिनिटांत चाळीस उत्तरं! मी हरखलो. उघडून बघतो तर सगळ्यांचं एकच, "छान माहिती सर!"

अरे, माहिती तुम्ही द्यायची होती की!

* * *

मग नियम केला, दुसऱ्याच्या पोस्टला प्रतिसाद द्यायचाच. एकानं आजोबांचा मोट हाकतानाचा जुना फोटो टाकून पाण्याच्या कष्टांबद्दल मनापासून लिहिलं. खाली पहिल्या बहाद्दरानं न वाचताच टाकलं, "भावपूर्ण श्रद्धांजली." व्हॉट्सॲपची सवय! मागोमाग एकतीस जणांनी हात जोडले.

संध्याकाळी नातवाच्या फोनवरून मला व्हॉइस मेसेज, "आवं सर, मी जित्ता हाय!"

आमचे विभागप्रमुख मगदूम सर मोजणीचे पक्के. म्हणाले, "प्रतिसाद दिलाय ना? मग गुण द्या." दिले!

* * *

कोयनानगरच्या एकाची पोस्ट वाक्याच्या मध्येच तुटली. उरलेलं वाक्य पाच मिनिटांनी आलं. मगदूम सरांनी फोन करून खुलासा मागितला.

"सर, भूकंपाचा धक्का बसला."

"अरे बापरे! बाहेर पळालास का?"

"न्हाई सर, धक्क्याला हितं कोन उठतंय? चार्जर निसटला हुता."

* * *

वडूजच्या रुक्सानाची मात्र मला काळजी लागली होती. शिवणकामाचं दुकान सांभाळून शिकणारी मुलगी. लेखी परीक्षेत काठावर आणि चर्चेत एकही पोस्ट नाही. हे गुण गेले की ती नापास, आणि नापास झाली तर शिक्षण बंद, असं घरच्यांनी बजावलेलं.

गंमत म्हणजे तिच्या भागातल्या सात-आठ जणांच्या पोस्ट फार चांगल्या होत्या, आणि प्रत्येकीत कुठंतरी असायचंच, "रुक्साना म्हणते तसं..."

मी मगदूम सरांना ते दाखवलं. ते म्हणाले, "तिच्या नावावर नोंद नाही. शून्य!"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मग एकदा समोर तरी विचारा तिला!"

व्हिडिओ कॉल लावला. रुक्साना मैत्रिणीच्या फोनवरून बोलत होती, शिलाई मशीनपाशी बसून.

"घरात एकच फोन हाय सर, भाऊ त्यो कामावर नेतो. समदी माझ्या दुकानात जमत्यात. आमी तितंच भांडतो, मग ती घरी जाऊन लिवत्यात."

"त्या गप्पा झाल्या. चर्चेत मुद्दा लागतो," सर म्हणाले. "पाणी आधी उसाला. ऊस जगला तर गाव जगेल." सर स्वतः ऊसवाले!

"सर, टँकरम्होरं घागर घिऊन ऊस हुबा ऱ्हातो व्हय? आमी ऱ्हातो."

मग जी जुंपली! सरांचं एक, तर तिची दोन. पाऊण तासानं सरांनी पेन उघडलं आणि तिच्या नावापुढं वीस लिहिले. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि वाजवल्याही.

सर हसत म्हणाले, "तुला वीसपैकी वीस दिले. आता तू सांग, मला किती देशील?"

रुक्सानानं मशीनवरचं कापड सारखं केलं.

"धा, सर. बोलता चांगलं, पन दुसऱ्याचं ऐकून घेत न्हाई."