मलमलीच्या तीन पट्ट्या

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास सुखदेवच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. मी वाचनालयाचं कुलूप उघडत होतो. दार उघडलं, दिवे लावले, मग खुर्चीत बसलो. तसाच परत का फिरलो नाही, ते अजून कळत नाही.

सुखदेव माझा शाळेपासूनचा मित्र. मी ग्रंथपाल झालो, तो मोठ्या इमारतींत हवा खेळवणाऱ्या यंत्रांचा फिटर. राहायचा कोळशाच्या खाणींजवळच्या कन्हानला. फिल्टरमधली धूळ बोटांत चोळून ती कोळशाची की रस्त्याची, हे तो सांगायचा. निवृत्तीनंतर आमच्या पोथ्यांच्या खोलीत बाहेरची हवा गाळून आत घेणारं यंत्र त्यानेच बसवलं. प्रश्न उरला, गाळायला कापड कोणतं? दुकानदाराच्या शब्दावर तो विसंबणारा नव्हता. त्याने एकाच चौकटीत तीन खण केले. एकात जाड सुती कापड, दुसऱ्यात पॉलिएस्टरचा नमदा, म्हणजे तंतू दाबून केलेलं जाड कापड, तिसऱ्यात काचतंतूंची गादी. प्रत्येकामागे पांढऱ्या मलमलीची एक पट्टी.

"हवा एकच, कापडं तीन," तो म्हणाला. "जे कापडाले धरता येत नाही, ते मागच्या पट्टीवर येते. महिन्यानं पाहू गा." मी मान हलवली. नीट न ऐकताही मान हलवायची माझी जुनी सवय... यावरून तो मला शाळेतही चिडवायचा, "झालं, नंदीबैल हालला."

महिना भरायच्या दोन दिवस आधी वाचनालयाचे विश्वस्त पोथ्या पाहायला यायचे होते. आदल्या दिवशी साफसफाई करताना त्या पट्ट्या मळलेल्या दिसल्या. मी त्या काढल्या, घरी नेऊन साबणाने धुतल्या, इस्त्री केली आणि परत लावल्या. कोणती किती मळली होती, तेही पाहिलं नाही.

महिना भरल्यावर सुखदेव आला. पट्ट्या काढून खिडकीशी नेल्या. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "तिन्ही सारख्याच पांढऱ्या कशा? सुती कापड तर एवढं धरतच नाही," तो पुटपुटला. मग माझ्याकडे वळला. "माये डोळे गेले काय गा?" तेव्हा कुठे मला कळलं, मी काय धुऊन टाकलं होतं ते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "चहा घेऊ." त्याने एका पट्टीच्या घडीवरून अंगठा फिरवला, थांबला, आणि चहा घेतला. जाताना म्हणाला, "लावून ठेव परत. आणखी एक महिना पाहू." तो महिना संपायच्या आत तो गेला. छातीत दुखलं, एवढंच झालं म्हणतात.

तो गेल्यानंतरच्या जलदान विधीला त्याच्या घरी गेलो, तेव्हा वहिनींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तवाच काहून नाही सांगतलं जी? त्या दिवसापासून रोज सकाळी कॅलेंडरसमोर उभे राहत. एकेक डोळा झाकून तारखा वाचत अन् मले विचारत, बरोबर वाचून राहिलो का वं?"

म्हणजे त्याला शंका स्वतःच्या डोळ्यांचीच होती. मग तो अंगठा त्या घडीवर का थांबला? चाळीस वर्षं धूळ ओळखणाऱ्या माणसाला इस्त्री ओळखता येणार नाही? ओळखली असेल, तर मला वाचवण्यासाठी तो गप्प राहिला. नसेल, तर स्वतःवरचा विश्वास गमावून गेला. मी रोज यातलं एक खरं मानतो आणि दुसऱ्या दिवशी दुसरं...

परवा पट्ट्या काढून पाहिल्या. सुती कापडामागची काळवंडली आहे, पॉलिएस्टरमागची करडी, काचतंतूंमागची जवळपास पांढरी. त्याचे डोळे ठीक होते. काचतंतूंतून हवा मात्र फार कमी येते. खोलीला धूळ सोसेल की कोंडलेली हवा, हे तोच सांगू शकला असता. पोथ्यांसाठी कापड अजून ठरलेलं नाही. तिन्ही पट्ट्या माझ्या टेबलावर आहेत, न धुतलेल्या.