दाजींचा रोमानिया

रोमानिया या देशाची जगात सगळ्यात जास्त काळजी कोणाला असेल, तर ती आमच्या दाजींना. खुद्द रोमानियातले लोक बिनघोर झोपत असतील, पण इकडे जालन्याकडच्या मंठ्यात दाजी कूस बदलत असतात. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राज्यशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले. अंगाने बेताचे, आवाजाने त्याहून बेताचे, आणि विषय मात्र आयुष्यभर एकच: साम्यवादी राजवट कोसळून इतकी वर्षं झाली, तरी तिथला समाज आतून सावरला का नाही? या प्रश्नावर ते तीसेक वर्षं ग्रंथ लिहीत आहेत. रोमानिया त्यांनी पाहिलेला नाही, आणि पाहायची फारशी इच्छाही नाही. "तिथं गेलं की मंग डोळ्याला दिसतं तेवढंच खरं वाटायला लागतं," असं त्यांचं म्हणणं. ताईचं म्हणणं वेगळं आहे. "सवत परवडली असती," ती म्हणते, "ती निदान सणावाराला पुरण वाटायला तरी आली असती."

त्यांच्या बैठकीत देवाच्या तसबिरीशेजारी रोमानियाचा हाताने काढलेला मोठा नकाशा आहे. माझ्या भाचीला पाहायला पाहुणे आले तेव्हा मुलाचे वडील पोहे खाता खाता त्याच्याकडेच बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "जमीन सलग हाय का तुकडे?" दाजी खुलले. म्हणाले, "आधी सलग व्हती. महायुद्धात एक मोठा तुकडा शेजाऱ्यानं दाबला, तो काही वापस आला न्हाई." पाहुण्यांनी हळहळून मान हलवली. "शेजारी वाईट निघाला की असंच व्हतं. मोजणी आणा तुम्ही." मी पाण्याचा तांब्या भरायच्या निमित्ताने आत गेलो आणि सोयरीक पक्की होईपर्यंत बाहेर आलो नाही. ती सोयरीक नकाशामुळेच जमली, असं ताई अजून म्हणते.

दाजींमुळे मान खाली घालावी लागली नाही, असं एकही कार्य मला आठवत नाही. रस्त्यात कुठे रांग दिसली की दाजी तिच्यात उभे राहतात. कशाची रांग, हे विचारत नाहीत. कारण रोमानियात म्हणे लोक आधी रांगेत उभे राहायचे आणि मग पुढच्याला विचारायचे, की काय मिळून राह्यलं? रांग ही त्या समाजाची शाळा होती, तिथेच माणसं गप्प बसायला शिकली, असा त्यांच्या ग्रंथात सिद्धांत आहे. एकदा असेच बाजारात एका रांगेत शिरले, मागच्या-पुढच्यांना हा सिद्धांत सांगत सांगत पुढे सरकले, आणि ती रांग निघाली डोळे तपासणीच्या शिबिराची. मोतीबिंदू पिकत आलेला होता. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. दाजींनी त्याचं सगळं श्रेय रोमानियाला दिलं.

पण सगळ्यात मोठी पंचाईत टाळ्यांची. दाजी टाळ्या वाजवत नाहीत. आपल्याकडे माणूस जन्मला, पास झाला, निवडून आला, निवृत्त झाला की शाल, श्रीफळ आणि टाळ्या या तीन गोष्टी ठरलेल्या. तशा कार्यक्रमात दाजी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतात आणि टाळी पहिली कोणी वाजवली, शेवटी कोण थांबलं, ते टक लावून बघतात. माझ्या मोठ्या साहेबांच्या एकसष्टीला ते माझ्याच शेजारी बसले होते. मंडप टाळ्यांनी दणाणला आणि हे आपले हात दाबून. साहेबांची नजर आमच्या रांगेवरून फिरली. मी दाजींच्याही वाट्याच्या वाजवल्या. बाहेर आल्यावर चिडून विचारलं, तर म्हणाले, "अरे, तिथं लोकांनी तासन्‌तास टाळ्या वाजवल्या. राजवट पडल्यावर ज्याला विचारावं तो म्हणून राह्यला, मी तर आधीपासूनच विरोधात व्हतो. सगळेच विरोधात व्हते, तर मंग टाळ्या कोण वाजवत व्हतं?"

हा प्रश्न म्हणजे त्यांच्या ग्रंथाचं शेवटचं प्रकरण. बाकी प्रकरणं केव्हाच झाली होती. राजवट आठवड्यात पडते, पण दबकं बोलणं पिढ्यान्‌पिढ्या राहतं, हे झालं होतं. म्हातारी माणसं आता म्हणतात, तेव्हाच बरं होतं, प्रत्येकाला काम होतं, डोक्यावर छप्पर होतं. आणि घरात थंडीत, अंधारात बसायचो ते सांगत नाहीत, हे झालं होतं. तरुण पोरं कामाला इटलीत आणि स्पेनमध्ये गेली, गावात आजी-आजोबा आणि नातवंडं उरली, हेही झालं होतं. "आपल्या तांड्यावरचे लोक ऊसतोडीला गेल्यावर जसं व्हतं, बराबर तसं," हे ते जेवताना सांगायचे आणि ताईचा घास हातातच राहायचा. अडलं होतं ते फक्त टाळ्यांपाशी. त्यांना असा एक रोमानियन माणूस हवा होता, जो सरळ तोंडाने म्हणेल, हो, मी वाजवल्या. तसा कबुलीचा एक माणूस मिळाल्याशिवाय त्या समाजाबद्दल शेवटचा शब्द लिहायचा नाही, असा त्यांचा पण होता. वर्षं गेली. माणूस कुठून मिळणार? मंठ्याच्या बाजारात रोमानियन माणूस येतो थोडाच!

आणि मग तो आमच्याच कंपनीत आला. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या एका प्रकल्पात मी प्रशासन बघतो. बियाणं प्रतवारीचं नवं यंत्र युरोपातून आलं, आणि ते बसवून द्यायला एक तंत्रज्ञ आला. साठीकडे झुकलेला, थोराड हातांचा, अबोल माणूस. त्याच्या राहण्याची व्यवस्था करताना मी पासपोर्ट पाहिला, तर तो रोमानियाचा. ताईला फोन केला. ती म्हणाली, "त्यांना सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील." मी गप्प बसणारच होतो. पण तीस वर्षं एखादा माणूस ज्याची वाट बघतोय तो आपल्या कॅन्टीनमध्ये वरण-भात खातोय, आणि आपण ते दडवून ठेवायचं, हे काही मला जमेना.

दाजी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने हजर. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. साहेबांना मी सांगितलं, आमचे दाजी पाहुण्यांची भाषा जाणतात. साहेब खूश. त्या दिवशी पाहुण्याचा सत्कार होताच. शाल झाली, श्रीफळ झालं, फेटा बांधून झाला, आणि दाजी पुस्तकांतून शिकलेल्या रोमानियन भाषेत बोलायला उभे राहिले. चांगलं पाच-सात मिनिटं बोलले, डोळे पाणावून बोलले. पाहुण्याने फेटा सावरत सगळं मन लावून ऐकलं. मग माझ्याकडे वळून अडखळत्या इंग्रजीत म्हणाला, "माफ करा, मला हिंदी येत नाही. यांना इंग्रजीत बोलायला सांगाल का?" लोक खो खो हसले, साहेबही हसले. मला धरणीमाय पोटात घेईल तर बरं असं झालं. दाजी मात्र शांतपणे खाली बसले आणि म्हणाले, "उच्चारात गडबड झाली वाटतं."

जेवायला आम्ही तिघं एका टेबलावर बसलो. आता दोघंही इंग्रजीत बोलत होते, दोघांचंही बेताचंच, त्यामुळे चांगलं जमत होतं. पाहुण्याला भाकरी आवडली. दाजींनी त्याला ठेचा कसा, किती लावायचा ते दाखवलं. मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात दाजींनी भाकरी ताटात ठेवली आणि विचारलंच, "तुम्ही तेव्हा टाळ्या वाजवत होता का?"

शेजारच्या टेबलावरचे लोक आमच्याकडे बघायला लागले. पाहुणा आला आहे यंत्र बसवायला, आणि आमचे दाजी त्याला आरोपीसारखं विचारताहेत. मी दाजींच्या पायावर पाय दिला. पण पाहुणा रागावला नाही. त्याने घास संपवला, पाणी प्यायला आणि सांगितलं, "हो. वाजवल्या. आम्हाला कारखान्यातून बसमध्ये घालून न्यायचे. मी तरुण होतो, उंच होतो, म्हणून पुढे उभं करायचे. हात सुजायचे. आणि एक सांगू का, कधीकधी मला मनापासून आनंदही व्हायचा. त्याची लाज अजून जात नाही." मग त्याने भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला आणि, आपण एखाद्याला मुलंबाळं किती असं विचारतो ना, तितक्या साध्या आवाजात विचारलं, "आणि तुम्ही?"

दाजींना तीस वर्षं हवा होता तो माणूस मिळाला होता. शेवटचं प्रकरण समोर बसून भाकरी खात होतं. पण दाजींचं पेन खिशातच राहिलं. त्यांचा चेहरा इतका उतरला, की पाहुण्यालाच अपराध्यासारखं झालं. त्याने उगीच ठेच्याची तारीफ केली. मग दाजींनी मान खाली घालून ताटात पाणी ओतलं आणि हात धुतला. कॅन्टीनमध्ये बेसिन आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

दाजींना मंठ्याला सोडायला मी गाडी काढली. गाव मागे पडलं तेव्हा ते आपणहून बोलायला लागले. नोकरीच्या पहिल्या संस्थेत गणिताचे एक सर होते. दोघांचा डबा एक, स्टाफरूममधला बाक एक. संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाला वर्ग सोडून मुलांना रस्त्यावर उन्हात फुलं घेऊन उभं करायचा रिवाज होता. गणिताच्या सरांनी सभेत उभं राहून सांगितलं, माझा वर्ग येणार नाही. झालं. पुढच्या सभेत त्यांच्या निषेधाचा ठराव आला. आपल्याकडे ठराव म्हटला की एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. सूचक तयार होता. अध्यक्ष अनुमोदकासाठी सभेवर नजर फिरवत होते.

"मला कोणी सांगितलं न्हाई," दाजी म्हणाले, "दम दिला न्हाई. नुसती नजर आली माझ्यावर. आन्‌ मी उभा राह्यलो. म्हनलं, माझं अनुमोदन आहे. मंग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो खाली बघत बसल्ता, माझ्या शेजारी. मी पण वाजवल्या." त्या सरांनी राजीनामा दिला आणि ते मंठ्यापासून जवळच्याच आष्टीला गेले. दाजींनी त्याच वर्षी रोमानियाचा विषय घेतला.

मी गाडी चालवत होतो म्हणून बरं, नाहीतर त्यांच्याकडे कसं बघावं ते मला कळलं नसतं. लग्नाकार्यात, पंगतीत, कंपनीत मी दाजींचा रोमानिया रंगवून रंगवून सांगत आलो होतो. नकाशाचा किस्सा तर लोक मुद्दाम सांगायला लावायचे. पण मंठ्याच्या माणसाला रोमानियाच का लागावा, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. जवळची लाज चटका देते, म्हणून माणूस लांबच्या देशाची लाज घेऊन बसतो, एवढं साधं ते होतं. आणि आम्ही घरची माणसं हसत होतो. मला दाजींची इतकी वर्षं लाज वाटत होती. त्या रस्त्यावर ती उलटून माझ्याकडे आली, आणि अजून गेलेली नाही.

मंठ्याचा फाटा आला तेव्हा मी विचारलं, "आष्टीला जायचं का?" दाजी म्हणाले, "आता काय तोंड दाखवायचं?" मी गाडी वळवली.

गणिताच्या सरांचं आष्टीत ठिबकच्या पाइपांचं दुकान निघालं. त्यांनी दाजींना लगेच ओळखलं, गल्ल्यावरून उठून पुढे आले. "या, या, सर!" खुर्ची झटकून दिली, चहा सांगितला. दाजी बसले नाहीत. उभ्यानेच सुरू झाले, ठराव, सभा, अनुमोदन, आणि अधेमधे सवयीने रोमानिया. गणिताच्या सरांनी ते थोडा वेळ ऐकलं आणि हाताने थांबवलं.

"ठरावाचं मी कव्हाच सोडून दिलं, सर. सगळ्यांचेच हात वर गेल्ते, तुमचा एकट्याचा थोडाच व्हता. लेकरंबाळं सगळ्यांनाच असतात." मग थोडं थांबून, पाइपाच्या गुंडाळीवरची धूळ पुसत म्हणाले, "पण त्या दिवशी संध्याकाळी मी बायकोला च्या ठेवायला लावल्ता. म्हनलं, आपले सर येतील. काही बोलणार न्हाई, पण येऊन बसतील. लई उशिरापर्यंत दार उघडं ठेवलं व्हतं आम्ही. तुम्ही आले न्हाई."

दाजी खाली बसले. त्यांच्या ग्रंथात या गोष्टीला प्रकरण नव्हतं. टाळ्या कोण वाजवत होतं हे त्यांनी जन्मभर शोधलं. टाळ्यांनंतर संध्याकाळी कोण कोणाकडे गेलं नाही, हे शोधायचं राहून गेलं होतं. "चुकलं माझं," एवढंच ते म्हणाले. गणिताचे सर म्हणाले, "च्या घ्या, थंडा होऊन राह्यला."

ग्रंथ अजून पुरा झालेला नाही. मध्यंतरी मी विचारलं, तर म्हणाले, "त्या लोकांचा निवाडा करायला बसल्तो मी. आता नुसतं समजून घेऊन राह्यलो, त्याला वेळ लागतो." नात्यातले लोक कार्यात भेटले की मला डोळा मारून विचारतात, "काय, रोमानियाची काय खबर?" पूर्वी माझ्याभोवती कोंडाळं जमायचं. आता मी "बरं आहे" म्हणतो आणि पंगतीकडे वळतो. लोकांना वाटतं, हा भाव खायला लागला.

दाजी दर आठवड्याला आष्टीला जातात. एसटीने, एकटेच, संध्याकाळचे. दोघं दुकानात बसतात, चहा घेतात, फारसं बोलतही नाहीत म्हणे. परवा ताईचा फोन आला होता. मी सहज विचारलं, दाजी काय करताहेत? ती म्हणाली, "काय करणार! गाडी साडेपाचची, आन्‌ हे जेवण झाल्यापासून सदरा घालून पायरीवर बसलेत. म्हणतात, उशीर नको व्हायला."