वाट की परवानगी

बाळांनो, नगरपालिकेसाठी वाटा मोजणारा एक देवरूखकडचा गृहस्थ हल्ली आपल्या ओटीवर पाणी प्यायला थांबतो. भांडं तोंडाला न लावता पितो आणि हातातल्या टॅबशीच बोलतो, “हा चढ धरलास काय रे?” कुठल्या घरातून दवाखान्यापर्यंत चालत पोचता येतं, ते त्याच्या नकाशावर हिरव्या रेघांनी दिसतं. जिथे रेघ पोचत नाही, तिथे नवी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, बांधायची आहे.

काल त्याने विचारलं, “आजी, खालच्या वाडीतली माणसं तुमच्या आवारातून जातात काय?”

“जातात की! आम्ही कधी कुणाला अडवलं नाही,” मी ऐटीत म्हणाले. त्याने हिरवी रेघ ओढली.

तेवढ्यात वाडीतली एक बाई तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन आवाराच्या दगडी गडग्यापाशी आली. गडग्यातलं आपलं बेडं म्हणजे फाटकाच्या जागी नुसत्या आडव्या काठ्या, तिला सहज काढता आल्या असत्या. पण ती बाहेरच थांबली.

“काकी, जाव काय वो आतून?”

“जा गो,” मी म्हटलं.

ती दिसेनाशी झाल्यावर तो हळूच म्हणाला, “आजी, ही वाट नव्हे. ही तुमची परवानगी.” आणि बोटाने रेघ पुसली.

माझे कान तापले. मी उठून बेड्याच्या काठ्या काढून ठेवल्या. “आता दाखवा ती रेघ,” म्हटलं.

त्याने नकारार्थी मान हलवली, चपला घातल्या आणि बाहेर पडताना त्या काठ्या होत्या तशा परत लावल्या. मी ‘राहू देत’ म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.