मीटरच्या काचेवरचं कुंकू

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बॅटरीचा करंट मोजणं. संध्याकाळची वेळ होती, सिंदीच्या आमच्या चार्जिंगच्या दुकानात इंजिन फटफट करत होतं. बॅटरी लाऊडस्पीकरची, बौद्ध वस्तीतल्या लग्नासाठी आणलेली. मी तारा धरल्या, तिनं काटा पाहिला. मला मोतीबिंदू, मीटरच्या रेघा दिसत नव्हत्या. या बॅटरीत करंट दोन अँपिअरच्या वर गेला की आतल्या प्लेटा खराब होतात. म्हणजे तिच्याशिवाय दुकान नव्हतं, सरळ गोष्ट आहे.

करंटचा मीटर माझ्याच हातानं जळाला होता. व्होल्टचा तेवढा उरला. स्टेशनातल्या तारबाबूंनी सांगितलं, करंटच्या वाटेत विजेच्या सिगडीतल्या तारेचं वेटोळं जोडा, अन् त्याच्या दोन टोकांवर व्होल्ट पाहा. माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. तिच्या शिरलं. तिचं माहेर गिरडकडचं, संत्र्याच्या बागेतलं.

"पाटात आडवी वीट ठेवली की पाणी मागं चढते," ती म्हणाली. "जेवढं चढलं, त्यावरून समजते किती वाहून राह्यलं."

तेव्हापासून वेटोळ्याचं नाव वीट. आधी मी लांबलचक तार जोडली, तर बॅटरी भरेचना. ती हसली. एवढी मोठी वीट ठेवली, तुमी तर पाणीच अडवलं, म्हणे. मग तारबाबूंनी एक ओहमचा तुकडा मोजून दिला. जितके व्होल्ट, तितका करंट. गिऱ्हाईक आलं की ती आतून विचारायची, वीट आणू का? मी म्हणायचो, आण, विटेवर उभा राहणारा आलाय.

त्या संध्याकाळी काटा दोनवर थांबला, तसं तिनं करंड्यातलं मेण काचेवर दाबलं अन् वर कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी ती बहिणीकडे जाणार होती. मीटर घाण करते म्हणून मी ओरडलो.

"मी नसली तर पाह्यजा," ती म्हणाली. "काटा कुंकवाखाली लपला की बरोबर हाय."

बहिणीकडे जाणं झालंच नाही. छातीत कळ आली अन् उजाडायच्या आत ती गेली. आम्ही तिला अग्नी देऊन आलो. वस्तीतले लोक म्हणाले, राहू द्या बाबा, बिनस्पीकरचं लग्न लावू. भली माणसं. भाऊबंद म्हणाले, सुतकात दुकान उघडू नको. पण अर्धी भरलेली बॅटरी पडून राहिली की मरते. अन् आंधळ्याला तिनं जे दुकान चालवून दिलं, ते बंद ठेवून मी कोणतं सुतक पाळणार होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन चालू केलं. वीट जोडली, विटेच्या दोन टोकांना मीटर लावला. "किती?" तोंडातून निघून गेलं.

मग काचेला नाक लावलं. रेघा दिसल्या नाहीत, लाल ठिपका दिसला. रेग्युलेटर हळूहळू फिरवला, काट्याची काळी सावली सरकत ठिपक्याखाली गेली, अन् मी हात काढला. तिचं स्टूल ओढलं अन् बॅटरीजवळ बसलो.